सोमनाथची श्रमसंस्कार छावणी : दोन पिढ्यांच्या अनुभवावरून

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ओळखीच्या घरांतून मला हमखास एक विचारणा होते. मुलगा किंवा मुलगी कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहे, अभ्यास बरा चालला आहे, पण कशातच जीव रमत नाही, पुढे काही चांगले होईल असे वाटतच नाही म्हणते; तेव्हा एखादे चांगले शिबीर सुचवा. अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवल्यामुळे लोक मला हे विचारतात आणि माझे उत्तर आजवर बदललेले नाही. बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या सोमनाथ प्रकल्पावर मे महिन्यात भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीत मी स्वतः १९८४ साली गेले होते आणि २०१६ साली माझी मुलगी जाऊन आली. दोघींच्या अनुभवांत बत्तीस वर्षांचे अंतर असूनही, परत आल्यावर आम्ही बोललो ते जवळजवळ सारखेच होते. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

सोमनाथ हे ठिकाण चंद्रपूर जिल्ह्यात मूल गावाजवळ आहे. महादेवाचे जुने देऊळ, शेजारी धबधबा, भोवती ताडोबाच्या बाजूचे जंगल आणि धानाची शेती असा हा परिसर. बाबा आमटे यांनी १९६७ साली इथे प्रकल्प सुरू केला. त्याआधी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले होते, आणि त्याची सुरुवात सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशातले चौदा रुपये एवढ्यावर झाली होती, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. मात्र आनंदवनाच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट छावणीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे आणि ती कमी सांगितली जाते. १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून इमारती बांधल्या, आणि ही गोरी मुले इथे राहतात, जेवतात हे डोळ्यांनी पाहिल्यावर वरोऱ्यातल्या लोकांच्या मनातली धास्ती ओसरू लागली. तरुणांनी येऊन एकत्र घाम गाळला तर गावाचे मन बदलू शकते, याची ती प्रचीती होती. सोमनाथला बाबांनी जे श्रमिक विद्यापीठाचे स्वप्न पाहिले आणि तरुणांना हाक दिली, त्याच्या मुळाशी हाच अनुभव असावा असे मला वाटते.

छावणी साधारणपणे १५ ते २२ मे या काळात असते. दिवसाचा क्रम साधा आहे : पहाटे उठणे, ऊन चढण्याआधी श्रमदान, दुपारी विश्रांती आणि व्याख्याने, संध्याकाळी गटांत चर्चा, रात्री गाणी. श्रमदान म्हणजे बांध घालणे, चर खणणे, तळ्यातला गाळ काढणे. हातात कुदळ, फावडे किंवा घमेले. घमेल्यांची साखळी धरणे हे त्यातले सगळ्यात सोपे काम दिसते आणि पहिल्याच दिवशी सगळ्यात अवघड ठरते, कारण साखळीत तुमचा हात थांबला की पुढचे सगळे हात थांबतात. ज्या मुलाला घरी पाण्याचा ग्लासही हातात मिळतो, त्याला आपल्यामुळे वीस माणसे थांबली आहेत हे पहिल्यांदा तिथे कळते. त्याला कोणी बोलत नाही. तो आपणच हात चालवू लागतो.

आता एक प्रसंग सांगते, कारण माझ्या लेखी सगळी छावणी त्यात आली. १९८४ साली आमच्या गटाला बांधावर काम होते आणि आम्हाला कुदळ धरायला शिकवणारे जे काका होते, ते सोमनाथलाच राहून शेती करणारे, कुष्ठरोगातून बरे झालेले गृहस्थ होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटे पेरांपर्यंत झिजलेली होती. कुदळीच्या दांड्याला त्यांनी सुती फडके गुंडाळले होते आणि दोन्ही तळव्यांमध्ये दांडा दाबून ते असा घाव घालीत की ढेकूळ एका ठोक्यात फुटे. दुसऱ्या दिवशी माझ्या हाताला फोड आले, त्यातला एक फुटला आणि मी डोळ्यांत पाणी आणून बाजूला बसले. काका जवळ आले, हात बघितला आणि विचारले, "दुखतंय का?" मी मान हलवली. ते म्हणाले, "दुखतंय ना, मग बरं आहे पोरी. आम्हाला दुखलं असतं तर बोटं गेली नसती."

कुष्ठरोगात जंतू नसांवर हल्ला करतात आणि हातापायांची संवेदना जाते. भाजले, कापले, फोड फुटला तरी कळत नाही, जखम चिघळत जाते आणि हळूहळू बोटे झिजतात, हे मी पुस्तकात वाचले होते. पण आपल्याला वेदना होते ही देणगी आहे, हे मला त्या बांधावर कळले. त्यांच्या बोलण्यात स्वतःविषयी कणव नव्हती आणि माझी थट्टाही नव्हती. त्यांनी आपल्या खांद्यावरच्या फडक्याची पट्टी फाडली, माझ्या तळहाताला बांधून घ्यायला सांगितले आणि पुन्हा कामाला लागले. समाजाने ज्याला गावाबाहेर काढले होते, तो माणूस आज शेत पिकवतो आहे आणि शहरातून आलेल्या मुलीला उभे राहायला शिकवतो आहे, हे पाहिल्यावर "आमच्या पिढीचे काही खरे नाही" असे म्हणण्याची मला लाज वाटली. त्या लाजेतूनच पुढे उमेद आली. तरुण मुलांना आशा कशी द्यायची यावर मी नंतर खूप ऐकले आणि वाचले, पण त्या काकांनी दिली तशी ती मला दुसरीकडे मिळाली नाही.

याच संदर्भात दुसऱ्या एका शिबिराविषयी लिहिणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याला घरच्यांनी एका शहराजवळच्या रिसॉर्टमध्ये तीन दिवसांच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला पाठवले होते. फी भरपूर होती. शेवटच्या रात्री सभागृहातले दिवे मालवले, करुण संगीत लावले आणि आईवडिलांच्या कष्टांविषयी अशा आवाजात भाषण केले की दीडशे मुले हुंदके देऊन रडली. पुतण्या घरी आला, दारातच आईच्या पाया पडला, चार दिवस शहाण्यासारखा वागला आणि नंतर पूर्वीपेक्षाही गप्प झाला. पुढे त्याने मला सांगितले की आपण तेव्हा खरेच रडलो होतो, मग आपल्यात काही बदलले का नाही, म्हणजे आपणच वाईट आहोत का, असा प्रश्न त्याला छळत होता. सतरा वर्षांच्या मुलाच्या मनाशी असे खेळणे मला फार वाईट वाटते. मुलांच्या भावना हलवणे सोपे असते. त्यांच्या हाताला काम आणि मनाला सोबत देणे कष्टाचे असते. शिबीर निवडताना पालकांनी एवढे तरी पाहावे की तिथे मूल दिवसभर काय करणार आहे.

अध्यात्माचा भाग पुष्कळ पालक विचारतात. छावणीत जप, ध्यान, पूजा असते का, आणि नसेल तर मुलांवर संस्कार कसे होणार? "श्रम ही है श्रीराम हमारा" हे आनंदवनाचे ब्रीद आहे आणि ते तिथे शब्दशः पाळले जाते. मला यात आपल्याच मातीतली जुनी परंपरा दिसते. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई एकाच दिनक्रमात बसवली. आधी काम, मग भजन, हा क्रम विदर्भाच्या संतांनी घालून दिला आहे. छावणीतही दिवसभर माती उपसून आल्यावर रात्रीच्या गाण्यांना जे मन लागते, ते नुसते येऊन बसल्याने लागले नसते. माझ्या मुलीने तिथून आल्यावर एक वाक्य सांगितले ते मी लिहून ठेवले आहे : "आई, पहाटे सगळे गप्प राहून खणत होतो ना, तेव्हा देवळात असल्यासारखं वाटत होतं." ती घरी देवाला हात जोडायलाही कंटाळणारी मुलगी आहे.

१९८४ साली बाबा स्वतः छावणीत बोलत असत. मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नसे, त्यामुळे ते एक तर उभे असत किंवा आडवे. खाटेवर आडवा पडलेला, सत्तरीला आलेला माणूस हजारभर तरुणांना हिमतीविषयी सांगतो आहे हे दृश्य मी विसरू शकत नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८५ मध्ये, त्यांनी शंभराहून अधिक सायकलस्वार तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. २००८ साली बाबा गेले आणि २०११ साली त्यांच्या पत्नी साधनाताईही गेल्या. त्यामुळे मुलीला पाठवताना माझ्या मनात शंका होती की बाबांशिवाय छावणीत काय उरले असेल. तिच्याकडून ऐकल्यावर शंका फिटली. बांधावर शिकवणारी बरी झालेली माणसे तिथे होती, घमेल्यांची साखळी होती, आणि सांगली, लातूर, धुळे, मुंबई अशा चारी दिशांची मुले एका पंगतीत जेवत होती. जातीची, भाषेच्या ढंगाची, पैशाची ओळख तिथे दोन दिवसांत मागे पडते, कारण मातीने माखलेले सगळे सारखेच दिसतात.

आठ दिवसांत माणूस घडून येतो असे मी म्हणणार नाही. कोणत्याही छावणीची ही मर्यादाच आहे. घरी परतल्यावर पहिल्या पंधरवड्यात मुलाला करण्यासारखे काही मिळाले नाही, तर सगळा अनुभव फोटोंपुरता राहतो, आणि ही जबाबदारी पालकांची, शिक्षकांची आणि गावाची आहे. माझी मुलगी आल्यावर आम्ही तिला आमच्या भागातल्या पाणलोटाच्या कामाशी जोडून दिले. ती दोन वर्षे दर रविवारी तिथे जात होती. ज्यांना अधिक काळ आणि अधिक विचारपूर्वक काही करायचे आहे, त्यांनी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेल्या "निर्माण" उपक्रमाची चौकशी करावी. गडचिरोलीच्या शोधग्रामात त्यांची शिबिरे होतात आणि त्यापुढे प्रत्यक्ष समाजात काम करून पाहण्यासाठी "कर के देखो" ही शिष्यवृत्तीही आहे. आपले शिक्षण कोणाच्या उपयोगी पडावे असा प्रश्न ज्याला पडला आहे, त्याच्यासाठी ती जागा आहे. ज्याला अजून कोणताच प्रश्न पडलेला नाही, नुसती मरगळ आहे, त्याने आधी सोमनाथला जावे असे माझे मत आहे.

मुलाची इच्छा नसताना मात्र पाठवू नये. चंद्रपूरचा मे महिना कडक असतो. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणे तिथे नवलाचे नाही. पश्चिम महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना महाराष्ट्र एक्स्प्रेसने वर्ध्यापर्यंत, तिथून चंद्रपूर आणि पुढे एसटीने मूल असा प्रवास पडतो. नोंदणी आधी करावी लागते, तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीलाच आनंदवनाशी संपर्क साधावा. सामानात डोक्याला बांधायला मोठे उपरणे किंवा ओढणी, मोठी पाण्याची बाटली, बंद बूट आणि बदलायला सुती कपडे असू द्यावेत. हातमोजे नेऊ नयेत, त्यांनी दांडा निसटतो. त्याऐवजी जुन्या धोतराच्या चार-सहा लांब पट्ट्या फाडून पिशवीत ठेवाव्यात : दोन आपल्या तळहातांना बांधायला आणि बाकीच्या शेजारी ज्याला फोड येतील त्याला द्यायला.