पडदा की नॉब: स्टेजसाठी डिजिटल अँप निवडताना

आतापर्यंत गिटारचे तीन डिजिटल अँप (आवाज मोठा करणारी यंत्रं) वापरून झाले. पहिला आवाज साठवायची मेमरी असलेला कॉम्बो (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत), तो विकला. दुसरा जमिनीवर ठेवायचा मोठा मॉडेलर (वेगवेगळ्या अँपच्या आवाजांची डिजिटल नक्कल करणारं यंत्र), पडदा म्हणजे स्क्रीन आणि पायाने दाबायच्या फूटस्विचांच्या दोन रांगा असलेला. तो अजून आहे. तिसरा पुन्हा कॉम्बोच, आतून पूर्ण डिजिटल, पण तोंडावर साधे नॉब आणि मेमरी नावाचा प्रकारच नाही. यांची नावं सांगत नाही, कारण मला जे खटकलं ते एका कंपनीचं पाप नाही, अख्ख्या जातीचा स्वभाव आहे.

मॉडेलिंग कसं चालतं, आयआर (स्पीकरच्या आवाजाचे डिजिटल ठसे) कशाला लागतात, या तपशिलात जात नाही. आवाज कुणाचा चांगला, या वादातही पडत नाही. लाइन ६ कंपनीने १९९६ साली ॲक्सिस २१२ हा डिजिटल अँप आणला तेव्हा ‘ट्यूबसारखा (जुन्या व्हॅक्यूम ट्यूबच्या अँपसारखा) वाजतो का’ हा प्रश्न खरा होता. आज ड्रम्स आणि बास सुरू झाले की मला तरी फरक सांगता येत नाही, आणि समोर उभ्या असलेल्यांना तर नाहीच नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. गाणं चालू आहे, गळ्यात गिटार आहे, आणि एकच गोष्ट बदलायची आहे. मिड (मधले सूर) थोडा वर, किंवा बास (खालचे सूर) थोडा खाली. १२० च्या टेम्पोला चार मात्रांचे चार बार म्हणजे आठ सेकंद. कडव्याआधी गिटारला जेवढी विश्रांती मिळते, ती साधारण एवढीच. त्या आठ सेकंदांत काम होतं का?

आधी मॉडेलरची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. एका रात्रीत वीस-पंचवीस वेगवेगळी गाणी वाजवणाऱ्या बँडला दुसरा पर्याय सुचवणं मला जड जाईल. एका गाण्यात चकचकीत क्लीन, पुढच्यात जाड डिस्टॉर्शन, तिसऱ्यात ठरलेल्या टेम्पोचा डिले (प्रतिध्वनी). हे सगळं पायाच्या एका टोल्यावर येतं. हेलिक्स या मॉडेलरमध्ये एकाच प्रीसेटच्या (साठवलेल्या सेटिंगच्या) पोटात आठ स्नॅपशॉट (त्याच सेटिंगच्या तयार आवृत्त्या) ठेवता येतात आणि त्यांच्यात उडी मारताना आवाज तुटत नाही. केम्पर या दुसऱ्या यंत्रात एका परफॉर्मन्समध्ये (आवाजांच्या संचात) पाच जागा असतात. पाच भागांचं गाणं त्यात बरोबर बसतं. क्वाड कॉर्टेक्स या मॉडेलरवर सात इंची टचस्क्रीन तर आहेच, शिवाय त्याचे फूटस्विच हाताने नॉबसारखे फिरवताही येतात. हेलिक्सच्या फूटस्विचना नुसतं बोट टेकवलं की तो ब्लॉक (अँप, डिले असा एकेक भाग) पडद्यावर पुढे येतो. म्हणजे स्टेजवर खाली वाकून शोधाशोध करावी लागते हे या लोकांना कळलंय आणि त्यांनी त्यावर डोकंही चालवलंय.

शिवाय एक केबल थेट मिक्सरला दिली की विषय संपला. स्टेजवर आवाज कमी, साउंडवाला खूश.

पण हे सगळे बदल आधी ठरवलेले असतात. अमुक ठिकाणी अमुक आवाज लागणार, हे घरी बसून ठरवायचं, साठवायचं आणि मग पायाने बोलवायचं. मी म्हणतोय तो बदल आधी ठरवता येत नाही. साउंडचेकला (कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला) हॉल रिकामा असतो, भिंतींवरून ट्रेबल (वरचे सूर) नुसता आपटत असतो, म्हणून तुम्ही तो कमी करता. दोन तासांनी माणसं भरतात, कपडे आणि अंगं मिळून वरचा आवाज गिळून टाकतात, आणि पहिल्याच गाण्यात तुमची गिटार घोंगडीखालून वाजल्यासारखी लागते. आता काय ते आत्ता करायचंय.

इथे माझ्या पहिल्या कॉम्बोची गोष्ट सांगतो. त्याच्यात चार मेमऱ्या होत्या. लीडचा आवाज मी घरी जमवून तिसऱ्या मेमरीत ठेवला होता, ट्रेबल साधारण चारवर. गिगला दुसऱ्या गाण्यात सोलो आला, तिसरी मेमरी बोलावली, आवाज थोडा मंद वाटला. डाव्या हाताने एक सूर धरून ठेवला आणि उजव्या हाताने ट्रेबलचा नॉब किंचित पुढे सरकवला. किंचित म्हणजे अगदी केसभर. नॉब मात्र आधीच्या गाण्यापासून नऊवर उभा होता. अँपने त्याच क्षणी साठवलेले चार सोडून दिले आणि नऊच्या पुढचा आकडा घेतला. जो आवाज आला तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. गायक वळून माझ्याकडे बघत राहिला, त्याचा पुढचा शब्द हुकला. घाबरून मी नॉब उलटा फिरवला तर तो दोनवर गेला आणि गिटार गायबच झाली. उरलेला सोलो मी ट्रेबल शोधण्यात घालवला.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, तसा हा नॉब. दाखवतो नऊ, वाजतोय चार. तुम्ही हात लावेपर्यंत दोन्ही गोष्टी शांतपणे नांदतात, हात लावला की भांडण.

यावर कंपन्यांनी उपाय काढलेले आहेत, ते नाकारत नाही. काही यंत्रांत नॉब साठवलेल्या आकड्याला ओलांडेपर्यंत काहीच होत नाही. उडी टळते, पण मग सुरुवातीला तुम्ही फिरवत राहता आणि यंत्र ढिम्म. काहींत नॉबला शेवटच नसतो, तो गोल गोल फिरतो आणि भोवतीचे दिवे खरा आकडा दाखवतात. हा मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. बॉसच्या कटानामध्ये ‘पॅनेल’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की मेमरी बाजूला आणि नॉब जिथे उभे आहेत तोच आवाज. साधी गोष्ट आहे, पण ज्याने ती घातली तो कधीतरी स्टेजवर उभा राहिला असणार असं वाटतं.

त्या रात्रीनंतर मी मॉडेलर घेतला, तो मुख्यतः याच कारणासाठी. त्याचे नॉब बिनशेवटाचे, आकडा पडद्यावर. उडी बंद झाली. सहा-सात महिने मी सगळ्यांना हेच घ्या म्हणून सांगत होतो (दोघांनी ऐकलंही, आणि ते आजही समाधानी आहेत, हेही सांगायला हवं).

मग लक्षात आलं की दुखणं गेलं नव्हतं, नुसतं सरकलं होतं. पडद्याखालचा नॉब म्हणजे कुठल्या गोष्टीचा नॉब, हे त्या क्षणी कुठला ब्लॉक निवडलेला आहे त्यावर ठरतं. डिले निवडलेला असेल तर ट्रेबलच्या जागी फीडबॅक (प्रतिध्वनी किती वेळा उमटावा). खाली वाकायचं, अँपचा ब्लॉक निवडायचा, बरोबर पानावर यायचं, मग फिरवायचं. अंधारात पडदा छान दिसतो, पण दुपारच्या उन्हात उघड्यावर वाजवताना त्यात मला फक्त माझंच तोंड दिसायचं. टचस्क्रीन असेल तर घामट बोटांची आणखी एक गंमत. हे सगळं सरावाने जमतं, मला बऱ्यापैकी जमलंही होतं.

जमलं नाही ते पुढचं. पहिल्या गाण्यात मी सगळं उरकून मिड वाढवला, आवाज बरोबर बसला. दुसरं गाणं, दुसरा प्रीसेट, आणि मिड पुन्हा होता तिथे. दुसऱ्यातही वाढवला. तिसऱ्या गाण्यात परत पहिल्या प्रीसेटवर आलो तर तिथला बदलही पुसलेला, कारण प्रीसेट बदलण्याआधी मी सेव्ह केलं नव्हतं. कोण करतं दोन गाण्यांच्या मध्ये सेव्ह? आणि केलं तरी घरी मेहनतीने बसवलेला प्रीसेट आज रात्रीच्या हॉलपायी बिघडवायचा? मुद्दा तोच. यंत्राला मागच्या रविवारी मी घरी ठरवलेलं खरं वाटतं, आत्ता स्टेजवर मी सांगतोय ते नाही.

घरी ठरवलेलं स्टेजवर चुकतं यात तुमचा कान वाईट आहे असंही नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं होतं की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. रात्री शेजाऱ्यांची झोप सांभाळत बसवलेल्या प्रीसेटमध्ये आपण नकळत बास आणि ट्रेबल जास्त घालतो. स्टेजवर तोच प्रीसेट मोठ्याने लावला की खाली गडगडाट, वर किरकिर आणि मधली गिटार बेपत्ता. त्यामुळे घरचे वीस प्रीसेट असतील तर वीसही एकाच दिशेने चुकतात.

या रोगावर मॉडेलरमध्ये औषध आहे: ग्लोबल ईक्यू. एका ठिकाणी मिड वाढवला की सगळ्या प्रीसेटना लागू. प्रामाणिकपणे सांगायचं तर मी तो नीट वापरला असता तर कदाचित तिसरा अँप घेतलाच नसता. पण माझ्या यंत्रात तो सेटिंग्जच्या आत जाऊन मिळायचा, आणि तो बाहेर जाणाऱ्या सगळ्याच आवाजाला लागायचा, नुसत्या अँपला नाही. साउंडचेकला उत्तम, चार बारांच्या विश्रांतीत मात्र नाही. तुम्ही घेणार असाल त्यात तो एका बटणावर असेल, तर माझ्या तक्रारीतली निम्मी हवा तिथेच गेली असं समजा.

आता तिसरा. या जातीतलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे फेंडरने २०१९ मध्ये काढलेले टोन मास्टर, डिलक्स रिव्हर्ब आणि ट्विन रिव्हर्ब. पडदा नाही, प्रीसेट नाहीत. समोरून बघितलं तर जुना ट्यूब अँपच. ट्यूबवाल्या ट्विनचं वजन २९ किलोच्या आसपास, टोन मास्टर ट्विनचं १५. पाठीचं दुखणं असलेल्यांना एवढंच कारण पुरतं. मागच्या बाजूला ताकद कमी करण्याचा स्विच असतो, डिलक्समध्ये पूर्ण २२ वॉटच्या आवाजापासून पार ०.२ वॉटपर्यंत, आणि मिक्सरला थेट देण्यासाठी एक्सएलआर सॉकेटही.

माझ्याकडे हा आहे की दुसरा कुठला, ते राहू द्या. वागणं सांगतो. ट्रेबल पाचवर दिसतोय म्हणजे पाचवरच आहे. बदलायचा तर दोन पावलं मागे, हात लावला, झालं. बघावंही लागत नाही. डावीकडून चौथा नॉब मिडचा, हे बोटांना पाठ झालंय. आणि एकदा वाढवला की तो रात्रभर वाढलेला राहतो. क्लीनलाही, ओव्हरड्राइव्हलाही (फाटलेल्या, जाड आवाजालाही), सोलोलाही. कुणी तो परत काढून घेत नाही.

तोटे लपवत नाही. एकच मूळ आवाज मिळतो. बाकीचं पायाने दाबायच्या इफेक्ट पेडलांवर, आणि पेडल आले की पेडलबोर्ड आला, केबली आल्या, पॉवर सप्लाय आला. वजनात जे वाचवलं त्यातलं थोडं परत गेलं. मी तीनच ठेवतो: एक ओव्हरड्राइव्ह, एक डिले आणि सोलोला आवाज चढवायला एक बूस्ट. गाण्याच्या मध्ये दोन पेडल एकदम दाबायची वेळ आली की मॉडेलरची आठवण येते, खोटं कशाला बोलू. अनेक वेगळे अँप एका रात्रीत लागत असतील तर हा मार्ग तुमचा नाही. लग्नसमारंभात किंवा पार्टीत जे म्हणतील ते वाजवणाऱ्यांचाही नाही.

एक छोटी गोष्ट मात्र मी मोजली नव्हती आणि ती या बाजूला पडली. एकदा मध्येच स्टेजची वीज गेली आणि लगेच आली. मॉडेलर असता तर तो सुरू होऊन तयार होईपर्यंत मी हात बांधून उभा राहिलो असतो. माझा तरी अर्धा-पाऊण मिनिट घेतो. हा चालू झाला आणि आधी जसा होता तसाच वाजायला लागला.

बघायला जाल तेव्हा हेडफोन लावून स्टुलावर बसून प्रीसेट चाळू नका, त्यात सगळेच जिंकतात. उभे राहा, गिटार गळ्यात घ्या. एक आवाज साठवा. मग सगळे नॉब वाटेल तसे फिरवून टाका, साठवलेला आवाज परत बोलवा आणि ट्रेबलला केसभर धक्का द्या. उडी मारतो का, गप्प बसतो का, की सरळ वागतो? मग तो बदल तसाच ठेवून दुसऱ्या प्रीसेटवर जा आणि परत या. बदल जागेवर आहे का? दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. जमलं तर वाजवता वाजवता एका पायावर उभं राहून हे करून बघा, कारण दुसरा पाय वाह पेडलवर असणार आहे.

मॉडेलर मी विकलेला नाही. रेकॉर्डिंगला आणि हेडफोनवर रात्रीच्या सरावाला त्याच्याइतकं सोयीचं माझ्याकडे काही नाही, आणि एखाद्या गिगला स्टेज अगदीच अरुंद असेल तर तोच नेतो. एरवी तो पिशवीत असतो. कॉम्बोच्या पट्टीवर मिडच्या नॉबशेजारी मी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलाय, त्यावर पेनाने दोन रेघा. खालच्या रेघेवर ‘रिकामा’ लिहिलंय, वरच्या रेघेवर ‘भरलेला’. चिकटपट्टी दोनदा बदलावी लागली, रेघा मात्र तिथेच आहेत.