इंजिनातला कार्बन काढायचे ९,५९३ रुपये घेतले, कार्बन जागेवरच

पुण्यातल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने 'इंजिन डिकार्बनायझिंग'च्या नावाखाली माझ्याकडून ९,५९३ रुपये घेतले आणि काम केलंच नाही. नेहमीच्या सर्व्हिसच्या बिलाला ही कलमं कशी चिकटवतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. आपण चरफडतो, पैसे भरतो आणि गाडी घेऊन निघतो. यावेळी मी गप्प बसणार नाही.

बिल असं आहे: इंजिन डिकार्बनायझेशन ३,८५०, इंजेक्टर क्लिनिंग १,६५०, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) क्लिनिंग १,१८०, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) क्लिनिंग १,४५०. झाले ८,१३०. त्यावर १८ टक्के जीएसटी. ऑइल आणि फिल्टरचं बिल वेगळं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

गाडी २०१७ची, पेट्रोल, साधं एमपीएफआय इंजिन, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये न फवारता त्याच्या अलीकडे फवारणारं. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, पिकअप गेला होता, शहरातलं अ‍ॅव्हरेज १४ वरून ११ वर आलं होतं, चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागायचा. गाडी देताना तक्रारी लिहून घेतात त्या जॉब कार्डवर मी एवढंच लिहून दिलं. डिकार्बनायझिंग हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे 'कस्टमरनेच मागितलं होतं' असं ऐकवलं गेलं.

दुपारी अ‍ॅडव्हायझरचा फोन आला. "सर, व्हॉल्व्हवर कार्बनचा जाड थर आहे. आत्ता नाही काढला तर हेड उतरवावं लागेल, चाळीस हजारांच्या घरात खर्च जाईल. ओटीपी आलाय, तेवढा सांगा, म्हणजे काम सुरू करतो." मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो, गाडी त्यांच्या ताब्यात, इंजिन उघडलेलं आहे असा समज. ओटीपी दिला. माझ्या जागी दुसरा कोणीही असता तरी दिलाच असता. पण एक पक्कं लक्षात ठेवा: तो ओटीपी म्हणजे तुमची सही. फोनवर अजिबात देऊ नका, आधी लेखी एस्टिमेट मागा.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ आला. सायलेंसरमधून पांढऱ्या धुराचे लोट, आणि मागून आवाज, "बघा सर, सगळा कार्बन बाहेर पडतोय." तो धूर कार्बनचा नसतो! व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात जे केमिकल ओढलं जातं, तेच अर्धवट जळून बाहेर येतं. नव्या कोऱ्या इंजिनात ओतलं तरी तेवढाच धूर निघेल.

व्हिडिओपाठोपाठ दोन फोटो आले, 'आधी' आणि 'नंतर'. एकात काळाकुट्ट इनटेक व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये हवा सोडणारी झडप), दुसऱ्यात चकचकीत. गाडी घ्यायला गेलो तेव्हा बोनेट उघडून बघितलं. इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे या व्हॉल्व्हपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, बोल्टांवर धूळ तशीच, तेलकट, बसलेली. एकाही बोल्टाला पाना लागल्याची खूण नाही. आणि व्हॉल्व्हचा तसा फोटो मॅनिफोल्ड उतरवल्याशिवाय येत नाही. ती धूळ माझ्या डोळ्यांसमोर होती, फोटो खिशातल्या फोनमध्ये होता, आणि मी कार्ड मशीनवर पिन टाकला. रात्री अंथरुणावर पडलो की अजून तेच डोळ्यांसमोर येतं. तिथेच फोटो काढून, मॅनेजरला बोलावून, "हा बोल्ट कधी उघडलात?" एवढं विचारायला हवं होतं. पण मागे पाच गाड्या हॉर्न वाजवत होत्या, अ‍ॅडव्हायझर हात पुढे करून उभा होता, आणि कंपनीच्या पाटीवर विश्वास ठेवणं हा काही गुन्हा नाही.

थरथर जराही कमी झाली नाही. नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरला मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नव्हतं. प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल गेली होती. कॉइल १,९८०, चार प्लग ६४०, मजुरी ४००. थ्रॉटलचा पाइप काढून दाखवला, तर पाकळीभोवती काळं कडं जसंच्या तसं. ३८० रुपयांच्या स्प्रेने आणि फडक्याने त्यांनी ते माझ्यासमोर पुसलं. एकूण ३,४००. आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या इंजिनाला ईजीआर व्हॉल्व्हच नाही. साफ कशाला केला त्यांनी?"

नसलेल्या पार्टचे १,४५० रुपये, वर जीएसटी! स्कॅनर त्यांच्याकडेही असतो. कोड त्यांनाही दिसलाच असणार.

कार्बन साचत नाही असं माझं म्हणणं नाही. डिझेलमध्ये ईजीआर आणि मॅनिफोल्ड काजळीने तुंबतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत इनटेक व्हॉल्व्हवर थर चढतो, कारण तिथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतला जात नाही. एमपीएफआयमध्ये पेट्रोलचा फवारा व्हॉल्व्हच्या मागेच पडतो, म्हणून तिथे हा त्रास फारच कमी. आपलं इंजिन कुठलं, हे आधी माहीत करून घ्या. मॅन्युअलमधला सर्व्हिसचा तक्ता बघा, त्यात डिकार्बनायझिंग नसेल तर कारण लेखी मागा.

यानंतरचा अनुभव फसवणुकीपेक्षा वाईट. कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार केली, ती त्याच सर्व्हिस सेंटरकडे पाठवली गेली, आणि मला मेसेज आला, 'आपल्या समाधानानुसार तक्रार बंद करण्यात आली आहे.' कोणाचं समाधान? मला एक फोनसुद्धा आला नव्हता. पुन्हा तक्रार, पुन्हा तोच मेसेज. पोलीस चौकीत गेलो. अर्ज वाचण्याआधीच उत्तर, "हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक मंचात जा." अहो, जो पार्ट गाडीत नाही त्याचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? अर्जावर पोचसुद्धा द्यायला तयार नव्हते, भांडून शिक्का घेतला. तक्रार निवारणाच्या एका सरकारी कार्यालयात साहेब रजेवर, मग साहेब मीटिंगमध्ये, मग सर्व्हिस सेंटरचं दोन ओळींचं उत्तर माझ्या हातात: 'ग्राहकाने ओटीपीद्वारे संमती दिली होती.' बोल्ट, धूळ, ईजीआर याबद्दल एक शब्द नाही, आणि त्यांना कोणी विचारलंही नाही. पगारी माणसाने रजा टाकून या दारातून त्या दारात फिरायचं आणि ज्यांनी पैसे उपटले त्यांनी एसीत बसून दोन ओळी खरडायच्या!

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. बिल, जॉब कार्ड, चॅट, काहीही डिलीट करू नका.

आणखी एक. त्याच सेंटरला माझ्या साडूंची डिझेल गाडी जाते. त्यांना आलेला 'आधी'चा फोटो आणि माझा फोटो एकच निघाला. व्हॉल्व्हशेजारी निळा हातमोजा, अंगठ्यापाशी फाटलेला. तुमच्याकडेही हाच फोटो आला असेल तर मला कळवा, बिलासह. आयोगात एकट्यापेक्षा तिघांचे कागद बरे.