प्लुरोनिक एफ-१२७ : फ्रीजमध्ये पातळ, तळहातावर घट्ट

तापमान बदललं की आपोआप रचना बदलणारं पॉलिमर हवंय, पण संश्लेषण करत बसायला वेळ नाही, तर पहिली बरणी प्लुरोनिक एफ-१२७ ची उघडावी. पोलोक्सामर ४०७ हे याचंच दुसरं नाव. पांढरे दाणे थंड पाण्यात विरघळवायचे, बस. उत्प्रेरक नको, साखळ्या एकमेकींना जोडणारं रसायन (क्रॉसलिंकर) नको.

नावातच निम्मी माहिती आहे. एफ म्हणजे फ्लेक. १२ गुणिले ३०० केलं की मधल्या पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइडच्या तुकड्याचा रेणुभार साधारण ३६०० येतो आणि शेवटचा ७ सांगतो की वजनाने ७० टक्के माल पॉलिइथिलीन ऑक्साइड आहे, दोन्ही टोकांना वाटलेला. पोलोक्सामर पद्धतीत मात्र ४० गुणिले १००, म्हणजे ४०००. दोन्ही आकडे ढोबळ आहेत, ते जुळवत बसू नका. एकूण रेणुभार १२,६०० च्या आसपास.

थंड पाण्यात रेणू सुटे फिरतात. ऊब लागली की मधला तुकडा अंगावरचं पाणी झटकतो, असे बरेच तुकडे आत गोळा होतात आणि मायसेल, म्हणजे रेणूंचा बारीक गोळा, तयार होतं. मायसेलं पुरेशी झाली की एकमेकांना खेटून घनाकार जाळीत बसतात, आणि द्रावण वाहायचं थांबतं. इथे कुणी कुणाचा हात धरलेला नाही, नुसती गर्दी आहे. या मालाचे गुण आणि खोडी दोन्ही त्यातूनच येतात.

करायची रीत: २० टक्क्यांसाठी २० ग्रॅम माल आणि ८० ग्रॅम पाणी, दोन्ही वजनानेच घ्या. पाणी ४ अंशांवर आणा, भांडं बर्फात ठेवा, मंद ढवळत दाणे थोडे थोडे सोडा. जोरात ढवळलं तर फेस होतो आणि तो लवकर बसत नाही. नंतर रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी काचेसारखं स्वच्छ, पातळ द्रावण मिळायला हवं. घाईने कोमट पाणी वापरलं तर दाण्याच्या बाहेरच्या थराचाच जेल होतो, आतला भाग कोरडा राहतो आणि हाती गुठळ्या येतात. असं झालं तर ढवळत बसू नका. परत फ्रीजमध्ये ठेवा, त्या हळूहळू विरघळतात.

२० टक्क्यांचं द्रावण साधारण २० ते २५ अंशांत घट्ट होतं. १८ टक्क्यांना आणखी ऊब लागते, आणि १५ च्या खाली गेलात तर शरीराच्या तापमानालाही जेलची आशा धरू नका. नेमका बिंदू कुपी उलटी करून बघा: एकेक अंश वाढवा, प्रत्येक पायरीवर दहा मिनिटं थांबा. थांबला नाहीत तर आतलं द्रावण थंडच असतं आणि आकडा खोटा येतो.

मोठी खोड पाण्याची. १८ टक्क्यांच्या १० ग्रॅम जेलमध्ये १ ग्रॅम द्रव मिसळला की संहती १६.४ वर येते, म्हणजे गर्दी पांगायच्या बेतात. भरपूर पाण्यात तर हा जेल पृष्ठभागापासून झिजत काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत संपतो. आठवडाभर औषध सोडणारा साठा हवा असेल तर नुसतं एफ-१२७ त्या कामाचं नाही. उलट त्रिमितीय छपाईत तात्पुरती शाई म्हणून हीच खोड गुण ठरते: ३० ते ४० टक्क्यांचा जेल खोलीच्या तापमानाला रेघ धरून राहतो, भोवतालचा साचा पक्का झाला की सगळं थंड करा, शाई पातळ होते आणि मागे पोकळ वाहिनी उरते.

मीठ घातलं की जेल होण्याचं तापमान उतरतं, इथेनॉलने चढतं. म्हणून साध्या पाण्यात मोजलेला आकडा बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात) चालेल असं धरू नका. औषध मिसळल्यावर तर पुन्हा मोजाच. सामूची (पीएचची) मात्र याला काही पडलेली नाही, कारण साखळीवर आयनी गट नाहीत. पीएचवर उघडझाप हवी असेल तर दुसरं पॉलिमर शोधा. लॉट (उत्पादनाची खेप) बदलला की वर्तनही थोडं सरकतं, कारण मालात दोनच तुकड्यांच्या आखूड साखळ्याही असतात. एका प्रयोगमालिकेला एकच लॉट पुरवा. बरणी घट्ट बंद आणि अंधारात ठेवा, हा माल पॉलिईथर जातीचा, आणि पॉलिईथर हवेत पेरॉक्साइड धरतं. निर्जंतुकीकरणासाठी ०.२२ मायक्रॉनची गाळणी चालते, पण सिरिंज आणि गाळणी दोन्ही आधी फ्रीजमध्ये गार करा, नाहीतर गाळणीतच जेल बसतो.

जेलला थोडी पकड हवी असेल तर अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन (साखरेच्या एककांचा कडीसारखा रेणू) घालून बघण्यासारखं आहे. त्याच्या कड्या पॉलिइथिलीन ऑक्साइडच्या टोकांवर मण्यांसारख्या ओवल्या जातात, साधारण दोन एककांमागे एक कडी, आणि त्या कड्यांचे थर एकमेकांना धरतात. मग बरंच कमी पॉलिमर पुरतं. किंमत म्हणून पारदर्शकपणा जातो, जेल दुधाळ होतो, आणि घट्ट व्हायला वेळही लागतो. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनची कडी रुंद असते. ती मधल्या तुकड्यावर बसते आणि मायसेलच मोडू शकते, म्हणून डबा उघडण्याआधी लेबल नीट वाचा.

भांडी गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने चिकटलेला माल आणखी घट्ट होतो.