टिळकवाडीतील फ्रेंचचा वर्ग

बेळगावात टिळकवाडीत भरणाऱ्या संध्याकाळच्या या वर्गाची शिफारस मी मुख्यतः तेथील लिंगविचाराच्या शिकवणीसाठी करतो. कन्नडात माणसे आणि देवदेवता वगळता बहुतेक नामे नपुंसकलिंगी असतात, म्हणून कन्नड मुलांना वस्तूंनाही पुल्लिंग वा स्त्रीलिंग देणे अवघड जाते, तर तीन लिंगांत वाढलेल्या मराठी मुलांना फ्रेंचमध्ये नपुंसकलिंगच नाही हे पचवावे लागते. एकाच बाकावर बसणाऱ्या या दोघांच्या निरनिराळ्या अडचणी बाई अचूक हेरतात, आणि हेच या वर्गाचे खरे बळ आहे. फळ्यावर प्रत्येक नाम ‘ल’ किंवा ‘ला’ या उपपदासहच येते, पुल्लिंगी निळ्या खडूने आणि स्त्रीलिंगी लाल खडूने. ‘फ्रोमाझ’ (चीज) आणि ‘व्वायाझ’ (प्रवास) निळ्यात लिहून झाल्यावर, त्याच शेवटाचे ‘प्लाझ’ (समुद्रकिनारा) लाल खडूने उमटले, तेव्हा अपवाद कायमचा लक्षात राहिला. सूर्य फ्रेंचमध्ये पुल्लिंगी व चंद्र स्त्रीलिंगी, जर्मनमध्ये नेमके उलट, हेही त्यांनी ओघात सांगितले. शुल्क वाजवी आहे. सरावपत्रिका मात्र केवळ इंग्रजीत मिळतात. सीमाभागातील मुलांसाठी त्या मराठी आणि कन्नडमध्येही असायलाच हव्यात.