किराणा ॲप: आठ महिन्यांचा वापर आणि अकरा तक्रारी

पुण्यातल्या आमच्या चौघांच्या घरातला किराणा आणि भाजी गेले आठ महिने एकाच ॲपवरून येत आहे, त्यामुळे हा अभिप्राय पहिल्या आठवड्याच्या उत्साहातला नाही. माल चांगला आणि वजन चोख असते. एकदा टोमॅटो पिचके निघाले, तेव्हा फोटो पाठवताच दोन मिनिटांत 38 रुपये परत आले.

माझी तक्रार ‘नेहमीचे सामान’ या यादीविषयी आहे. पूर्वी ती उघडली की तूरडाळ, कणीक, शेंगदाणे ओळीने समोर येत. चौथ्या महिन्यातल्या अपडेटपासून तिथे आधी जाहिराती दिसतात आणि तूरडाळ गाठायला तीनदा बोट सरकवावे लागते. (सासूबाईंना मात्र त्याच जाहिरातींत राजगिऱ्याचे लाडू सापडले आणि त्या खूश आहेत.) मी अकरा वेळा लिहिले, दर वेळी ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असे उत्तर येऊन तक्रार बंद झाली. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. पोच मिनिटभरात मिळते. निवारण म्हणजे तक्रार बंद करणे, असा अर्थ कंपनीने लावलेला दिसतो.

राग ओसरल्यावर मी स्वतःच्या जुन्या ऑर्डरी मोजल्या. यादी बिघडण्यापूर्वी महिन्याला सात होत्या, नंतर नऊ झाल्या! पिचके टोमॅटो हाती पडलेला ग्राहक एक शब्दही न बोलता दुसरीकडे जाऊ शकतो, म्हणून त्याचे पैसे तत्काळ परत मिळतात. लांबलचक पत्रे लिहिणारा बहुधा कुठेच जात नाही, हे कंपनीला त्याच्या खरेदीवरूनच कळते. 2006 मध्ये फेसबुकने न्यूज फीड (मित्रांच्या हालचाली एकत्र दाखवणारे पान) आणले, तेव्हा लाखो वापरकर्ते त्याविरुद्धच्या गटांत सामील झाले, पण त्या गटांची बातमी पसरली ती न्यूज फीडमधूनच, आणि फीड कायम राहिले. 2010 मध्ये ‘डिग’ या बातम्यांचे दुवे सुचवण्याच्या संकेतस्थळाच्या नव्या रूपावर चिडलेले अनेक जण मात्र खरोखरच उठून रेडिट या प्रतिस्पर्धी संकेतस्थळावर गेले आणि 2012 मध्ये डिग तुकड्यातुकड्यांनी विकले गेले.

गेल्या महिन्यापासून डाळ-तांदूळ मी पुन्हा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणू लागलो. बारावी तक्रार लिहिली नाही. दहाव्या दिवशी ॲपकडून 100 रुपयांचे कूपन आले.