रँग्लरला लाँग आर्म की शॉर्ट आर्म?

जीप रँग्लरमध्ये चाकांचा ॲक्सल चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारे दांडे म्हणजे आर्म; ते आखूड (शॉर्ट) किंवा लांब (लाँग) असतात. सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं, म्हणजे लिफ्ट, दोन-अडीच इंचांची असेल तर शॉर्ट आर्मच ठेवा. गाडी उचलली की आखूड आर्म तिरके होतात. चाक वर जाताना ॲक्सल मागेपुढे सरकतो आणि खड्ड्याचा दणका थेट चॅसीला बसतो. अडीच इंचांपर्यंत हे सोसवतं. चार इंचांवर गेलात तर अणुस्कुरा घाटाच्या उखडलेल्या वळणांवर कंबर बोलू लागते.

लांब आर्म तेवढ्याच उंचीला जवळजवळ आडवे राहतात. चाकं जास्त खाली-वर खेळतात, जमीन सोडत नाहीत. राजापूरच्या सड्यावर, जांभ्याच्या ओबडधोबड कातळात, हा फरक लगेच जाणवतो. पण त्यांचे ब्रॅकेट चॅसीच्या मध्याकडे येतात, म्हणून दगडाची उंच कड ओलांडताना तेच आधी घासतात. शिवाय बरेच किट वेल्डिंग मागतात. आपल्या खाऱ्या हवेत वेल्डवर लगेच प्रायमर आणि रंग चढवला नाही, तर गंज तिथूनच सुरू होतो. पावसाळ्याआधी आणि नंतर आर्मचे जॉइंट तपासा, ग्रीस भरा.

पुळणीत दोन्ही सारखेच. तिथे टायरची हवा कमी करणं महत्त्वाचं.

रोज रत्नागिरी-चिपळूण करणाऱ्याने लाँग आर्मवर पैसे घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे. दोन्हींपैकी काहीही बसवण्याआधी आरटीओत परवानगीचं विचारा.