सोळा गावांची गोष्ट: सोलापुरातील एका वारसा फेरीविषयी

गेल्या रविवारी सोलापुरातील एका खासगी संस्थेच्या वारसा फेरीला मी गेलो होतो. शुल्क माणशी ३५० रुपये असून त्यात अडीच तासांची फेरी, पाण्याची बाटली, छापील माहितीपत्रक आणि शेवटी नाश्ता मिळतो. किल्ल्याचे प्रवेशशुल्क वेगळे भरावे लागते. जन्माने सोलापूरकर असलेल्या माणसाने सोलापूर पाहण्यासाठी पैसे का मोजावेत, असा प्रश्न घरी विचारला गेला. पुण्याहून आलेल्या भाच्याला शहर दाखवायचे होते, हे मी दिलेले उत्तर होते. आपल्याला शहराबद्दल जे ठाऊक आहे त्यातले खरे किती, याची अलीकडे शंका येऊ लागली होती, हे न दिलेले.

व्यवस्थेबद्दल तक्रारीला जागा नाही. साडेसहाची वेळ दिली होती आणि साडेसहालाच फेरी निघाली. अठरा माणसे होती, म्हणजे मागच्या माणसालाही ऐकू जाईल इतकीच. मार्गदर्शक तरुण, बोलका आणि हजरजबाबी होता. कमरेला लावलेला छोटा ध्वनिवर्धक अधूनमधून खरखरत असे, तेव्हा तो बंद करून स्वतःच्या खणखणीत आवाजात बोलत असे, आणि खरे सांगायचे तर तेच अधिक बरे वाटत असे. ज्येष्ठ मंडळींसाठी तो दोनदा मुद्दाम थांबला. चालण्याचा वेग, बसण्याच्या जागा, उन्हाची तिरीप वाढण्याआधी सावलीत नेणे, या सगळ्याचा विचार केलेला दिसत होता. तक्रार आहे ती त्याने सांगितलेल्या इतिहासाबद्दल, आणि ती करताना संकोच वाटतो, कारण त्यातला निम्मा इतिहास मी स्वतः पाहुण्यांना अनेक वर्षे सांगत आलो आहे.

सुरुवातच शहराच्या नावाने झाली. सोळा गावे एकत्र येऊन सोलापूर झाले, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. माहितीपत्रकात ती सोळा नावे एका चौकटीत दिली होती: आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, खादरपूर आणि पुढची. सातवीतल्या भाच्याने ती बोटांवर मोजली आणि मान वर करून विचारले, "मामा, सोळा गावांमुळे सोलापूर झालं म्हणतात, मग या सोळांत सोलापूर आधीच कसं आहे?" ती यादी मी किती वेळा वाचली असेन, पण हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. त्या चौकटीत सोलापूर होते, सोनलगी होते, सोनापूर होते आणि संदलपूरही होते. एकाच गावाची निरनिराळ्या काळांतली नावे वेगवेगळी गावे म्हणून मोजून सोळाचा आकडा भरला असावा, असे ती यादी पाहताना वाटते.

जिल्ह्याच्या अधिकृत माहितीतही सोळा गावांची व्युत्पत्ती आता मान्य केलेली नाही. बाराव्या शतकात, कल्याणीच्या कलचुरी राजांच्या काळात, शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या संदर्भातील लेखांत या गावाचे नाव सोन्नलगे असे येते. मोहोळ तालुक्यातील कामती येथे सापडलेल्या शके १२३८ च्या, म्हणजे इ. स. १३१६ च्या सुमाराच्या, संस्कृत शिलालेखात ते सोनलीपूर होते. किल्ल्यातील एका लेखात सोनलपूर, तर किल्ल्यातल्याच विहिरीवरील लेखात संदलपूर असा उल्लेख आहे. सोनलपुरातला 'न' झिजून सोलापूर झाले आणि इंग्रजांनी त्याचे शोलापूर केले, असा हा प्रवास आहे. शिवाय सोळावरून नाव पडले असते तर मराठी जिभेने त्यातला 'ळ' सहजासहजी सोडला नसता. अर्थात दख्खनी उर्दू बोलणारा 'सोला'च म्हणेल, तेव्हा एवढ्या एका अक्षरावर निकाल देता येणार नाही. लेखांतील नावांवर मात्र देता येतो.

किल्ल्यात आम्ही पाऊण तास होतो. त्या विहिरीचा उल्लेखही झाला नाही.

नावांच्या गोष्टींचे असे का होते, हा विचार मनातून जाईना. नाव आधी असते, त्याचा अर्थ विसरला जातो आणि मग त्या नावाला शोभेल अशी गोष्ट मागाहून तयार होते. तानाजी मालुसरे पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे महाराष्ट्रात सर्वांना पाठ आहे. १६७० च्या त्या लढाईपूर्वीच्या पत्रांतही सिंहगड हेच नाव सापडते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तानाजींचे शौर्य त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, पण 'गड आला पण सिंह गेला' हे वाक्य हातचे जाईल या भीतीने लोक पत्राकडे पाहायला तयार नसतात.

किल्ल्यापाशी आणखी दोन गोष्टी सांगण्यात आल्या. पहिली, येथून एक भुयार थेट नळदुर्गापर्यंत जाते. किल्ला तिथे भुयार, असा आपल्याकडे जणू नियमच आहे. नळदुर्ग येथून पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि हा किल्ला भुईकोट असून त्याच्या एका अंगाला सिद्धेश्वर तलावाचे पाणी आहे. जमिनीखालून तितके अंतर खोदत जाणाऱ्याला पहिल्या काही हातांतच पाण्याने गाठले असते. ऐकणाऱ्यांपैकी कोणीही हे विचारले नाही. मीही विचारले नाही, हे नमूद करतो.

दुसरी गोष्ट अधिक खटकली. चांदबिबीने हा किल्ला तलवार घेऊन लढविला, असे सांगून त्याने तटाकडे हात केला. चांदबिबीचा या किल्ल्याशी संबंध आहेच, आणि तो या गोष्टीहून कितीतरी रंजक आहे. चौदाव्या शतकात बहमनी काळात उभा राहिलेला हा किल्ला पुढे विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यातील कायमचे भांडण होऊन बसला. १५२४ मध्ये आदिलशाही घराण्यातील मरियमचे लग्न बुऱ्हाण निजामशाहाशी लागले, त्यात सोलापूर देण्याचे ठरले आणि नंतर ते दिले गेले नाही. त्या न दिलेल्या आहेरापायी दोन्ही घराणी वर्षानुवर्षे लढत राहिली. पुढे हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशाहाला दिली गेली, तेव्हा हाच किल्ला उलट्या दिशेने आंदण म्हणून गेला आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपूर्वी दक्षिणेतल्या सुलतानांची जी एकजूट झाली, तिचा हा एक सांधा होता. चांदबिबी लढली ती १५९५-९६ मध्ये, मोगलांविरुद्ध, अहमदनगरच्या किल्ल्यात. तिच्या नावाची ओढ अशी जबर आहे की नगरजवळच्या डोंगरावरील सलाबतखानाच्या कबरीलाही लोक चांदबिबीचा महालच म्हणतात. लग्नाच्या आहेरात दोनदा आलेला किल्ला डोळ्यांसमोर असताना मार्गदर्शकाला तलवार का आणावीशी वाटली, हे मला समजले नाही.

सिद्धेश्वर मंदिरात मात्र तो चांगले बोलला. सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव खोदविला, श्रमालाच पूजा मानले, मकर संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, हे सगळे त्याने ओघात आणि आदराने सांगितले. एक गोष्ट त्याने वगळली, आणि ती आपण सारेच वगळतो: सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि त्यांतील 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही मुद्रा, म्हणजे वचनात येणारी नाममुद्रा, याच गावच्या देवाची आहे. कन्नड, तेलुगू, उर्दू आणि मराठी एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या शहराने आपले सर्वांत जुने साहित्य मराठीतच असेल असे गृहीत धरावे, हे थोडे विचित्र आहे.

फेरीचा सर्वांत महत्त्वाचा थांबा चार हुतात्मा पुतळ्यांपाशी, म्हणजे १९३१ मध्ये इंग्रजांनी फाशी दिलेल्या चौघांच्या पुतळ्यांपाशी, होता. येथे त्याने एक लॅमिनेट केलेले चित्र सर्वांच्या हाती फिरविले. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर झेंडा फडकतो आहे, असे ते चित्र होते आणि झेंड्याच्या मधोमध निळे अशोकचक्र होते. भाच्याने आरे मोजले, चोवीसच्या चोवीस भरले. अशोकचक्राचा झेंडा संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. १९३० मध्ये लोकांच्या हाती होता तो चरख्याचा झेंडा, आणि त्यात केशरी पट्टाही नव्हता. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल अशी त्याची रचना होती, केशरी १९३१ मध्ये आला. हे मी मोठ्या विद्वत्तेने लिहीत असलो, तरी शाळेच्या चित्रकला स्पर्धेत मीही हेच चित्र अशोकचक्रासह काढले होते आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळाले होते. परीक्षकांच्याही लक्षात आले नव्हते.

नगरपालिकेवर झेंडा लावणारे सोलापूर देशातील पहिले शहर, हेही सांगण्यात आले. १९२३ मध्ये जबलपूरच्या नगर सभागृहावर झेंडा लावण्यावरूनच झेंडा सत्याग्रहाला तोंड फुटले आणि तो पुढे नागपुरात पेटला, तेव्हा 'पहिले' हा शब्द जरा जपून वापरावा. मे १९३० मध्ये येथे लष्करी कायदा लागला, त्यावरून 'लष्करी कायदा लागलेले देशातील एकमेव शहर' असेही तो म्हणाला, ते तर सरळ चुकीचे आहे. १९१९ मध्ये अमृतसर, लाहोर आणि पंजाबचे इतर जिल्हे, १९२१ मध्ये मलबार आणि सोलापूरच्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेशावर, एवढी ठिकाणे सहज आठवतात.

पण माझ्या दृष्टीने खरी घटना पुढे घडली. फेरीत सत्तरीच्या एक मावशी होत्या. मार्गदर्शक फाशीचा प्रसंग सांगत असताना त्या ठामपणे म्हणाल्या, "गोळ्या घातल्या होत्या चौघांना, इथंच. आमच्या सासऱ्यांनी बघितलंय." तीन-चार जणांनी माना डोलावल्या. माझी आजीही जवळजवळ असेच सांगत असे, आणि ती खोटे बोलणारी बाई नव्हती. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि 'गझनफर' हे वृत्तपत्र चालविणारे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिले गेले. ते पाहणारा सोलापूरकर गर्दीत उभा असणे शक्य नाही. मग सासऱ्यांनी काय पाहिले? ८ मे १९३० रोजी, गांधीजींच्या अटकेनंतर उसळलेल्या गर्दीवर शहरात खरोखरच गोळीबार झाला होता आणि त्यात शंकर शिवदारे पहिले बळी पडले. त्यानंतर ९ ते ११ मे पोलीस शहरात नव्हते, रामकृष्ण जाजू आणि काँग्रेसचे कार्यकर्ते व्यवस्था पाहत होते. १२ मे रोजी लष्करी कायदा आला आणि जूनअखेर उठला. फाशी त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने झाली. मेमधील गोळीबार, लष्कराचे बूट आणि जानेवारीतली फाशी ही तीन चित्रे घराघरांत सांगता सांगता एकावर एक बसली असावीत. सासऱ्यांनी पाहिले ते खरेच असेल. नंतर त्यात चौघांची नावे मिसळली.

मार्गदर्शकाने मावशींना दुरुस्त केले नाही. त्याने "हो ना मावशी" म्हणून पुढचा थांबा सांगितला. सौजन्य म्हणून मी ते समजू शकतो, परंतु ३५० रुपये ज्यासाठी घेतले जातात ते काम नेमके हेच होते, आणि मावशींचा मान राखूनही ते करता आले असते.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकाला वेळेअभावी जाणे झाले नाही. रस्त्यातूनच त्यांना चीनमध्ये जपानी गोळी लागल्याचे सांगण्यात आले. १९३८ मध्ये भारतातून चीनच्या मदतीला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक होते आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने गेले. एवढे सांगायलाही तेवढाच वेळ लागतो.

नाश्त्याला सुशीला होती, चुरमुरे नीट भिजलेले, शेंगदाणे सढळ, वर लिंबू. तिच्याबद्दल पूर्ण गुण. तेथे मी मार्गदर्शकाला बाजूला घेऊन सोन्नलगेचा विषय काढला. तो चिडला नाही. "काका, मला माहितीय," तो म्हणाला, "पण सोळा गावं सांगितली की लोक खूश होतात. शिलालेख काढला की मोबाईल बघायला लागतात." यावर माझ्याकडे एकच उत्तर होते: भाच्याने नावे मोजली तेव्हा आजूबाजूच्या पाच-सहा जणांनी आपापले माहितीपत्रक उघडले होते आणि एकाचाही मोबाईल बाहेर आला नव्हता.

पाचपैकी तीन तारे देतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना शहराची ओळख म्हणून ही फेरी घ्यावी, पायांत चप्पल नको, बूट घालावेत, आणि माहितीपत्रक घरी नेऊन पुन्हा वाचावे. माहितीपत्रकातील चौकट आणि झेंड्याचे चित्र संस्थेने बदलावे, असे मी त्यांना लेखी कळविले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. मार्गदर्शकाचा मात्र मंगळवारी निरोप आला, कामतीला जायला सोयीची गाडी कोणती, म्हणून. मंगळवेढ्याची गाडी धरून कामतीला उतर, असे मी कळविले आहे.